नवव्या गाण्यातला दुसरा आवाज

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. पार्सल मंगळवारी पोचलं. खोक्याचा एक कोपरा दबलाय, आत सगळं शाबूत आहे. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. जिने चढत जाऊ नका. मी ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पियानोचे वर्ग बंद केले. सकाळी दहा ते बारा घरात शांतता असते आणि कानही तेव्हाच ताजे असतात. तेव्हाच ऐकते.

फोनच करणार होते. पण फोनवर मी भांडते आणि तुम्ही रिसीव्हर टेबलावर ठेवून कामाला लागता, हे दोघींना ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत, "तुझ्या सदरात ह्या संचाबद्दल दोन चांगले शब्द आले तर ह्यांना बरं वाटलं असतं." माझ्या शब्दांनी दादाला काय वाटायचं ते राहू द्या. संपादकांनी पान आधीच राखून ठेवलंय. भावाची निवडक सोळा गाणी आणि परीक्षण बहिणीचं, यावर ते खूश आहेत. मी विचारलं, गुण मी देईन तेच छापाल ना? म्हणाले, बावीस वर्षं छापतोच आहे.

तर ऐकलं. सलग तीन सकाळी. एका बाजूला जुन्या रेकॉर्डी, दुसऱ्या बाजूला नवा संच. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला, कारण जे जरा मोठ्याने वाजतं ते माणसाला चांगलंच वाटतं. निम्मे परीक्षक तिथेच फसतात. आधी हेडफोनवर ऐकलं, मग स्पीकरवर, मग शेजारच्या खोलीत बसून, मधलं दार अर्धं उघडं ठेवून. ही शेवटची पद्धत दादाची. गाणं चांगलं असेल तर ते दारातून हाक मारतं, असं म्हणायचा.

चांगलं आधी सांगते. पहिल्या गाण्यातली बास गिटार काय वाजवते ते मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. जुन्या रेकॉर्डीत शेजारी कोणी पलंग सरकवतंय असं वाटायचं. चौथ्या गाण्यातली टेपची खरखर गेली आणि तरी झांजा जागच्या जागी आहेत. हे सोपं नाही. बहुतेक जण खरखर काढायला जातात आणि झांजांची चमकही तिच्याबरोबर पुसून टाकतात.

आता वाईट. सातवं, आठवं आणि बारावं गाणं दाबलंय. हळुवार भाग आणि जोराचा भाग एकाच उंचीवर आणून ठेवलेत, त्यामुळे ड्रम पडतो तेव्हा दचकायला होत नाही. दचकवणार नसेल तर ते रॉक कसलं? तेराव्या गाण्यात प्रत्येक 'स' कानाला खरचटतो.

एवढंच असतं तर सात गुण दिले असते आणि मोकळी झाले असते.

पण दुसरं, पाचवं, सहावं, नववं आणि अकरावं, या पाच गाण्यांत मूळ रेकॉर्डीवर दोन आवाज आहेत. संचात एकच. दुसरा आवाज बारीक केलेला नाही. तो नाहीच.

वर मोठ्या अक्षरांत 'रीमास्टर' छापलंय. रीमास्टर करताना तयार गाण्यावरून हात फिरवतात. त्यातून एक आवाज वेचून बाहेर काढता येत नाही, चहातून साखर काढता येत नाही तसा. त्यासाठी मूळ टेपा लागतात, ज्यांवर प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा आपापल्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, वेगळा असतो. त्या टेपा तुमच्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे. म्हणजे हे कोणाच्या नजरचुकीने झालेलं नाही. कोणीतरी खुर्ची ओढून बसलं आणि ठरवून पाच वेळा केलं.

सोबतची पुस्तिकाही पाहिली. चाळीस पानं. ड्रमवाल्याच्या कुत्र्याचासुद्धा फोटो आहे.

मी परीक्षक म्हणून विचारते, माझा यात काही संबंध नाही असं धरून: हा अधिकार तुम्हाला कोणी दिला? नवरा गेल्यावर त्याचे कपडे आवरणं वेगळं आणि त्याची गाणी आवरणं वेगळं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते उगाच नाही.

दहापैकी तीन. अंक मार्चच्या पहिल्या आठवड्यात छापायला जाईल. काही म्हणायचं असेल तर त्याआधी कळवा.

गुडघ्याला जपा.

आपली,
दादांची बहीण


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. पहिल्याच ओळीत विचारलंस, "मला अहो-जाहो कधीपासून?" खरं आहे. तीस वर्षं 'तू' म्हटलं आणि भांडायला म्हणून 'तुम्ही' बाहेर काढलं, पाहुण्यांसाठीच्या कपबश्या काढाव्यात तसं.

बाकीच्या तीन ओळींत तू एवढंच लिहिलंस की टेपा मिस्त्रींकडे आहेत, जाऊन ऐक आणि मग काय छापायचं ते छाप. स्वतःच्या बाजूने एक अक्षर नाही. वाचून मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. आता ते कागदावर लिहिताना माझीच मला लाज वाटते.

मंगळवारी दुपारी गेले. मिस्त्री तसाच आहे, यंत्रं दुरुस्त करता करता ध्वनिमुद्रक झालेला, अजून स्क्रू ड्रायव्हर खिशात. तळघरातल्या त्या खोलीत कापसाच्या बोळ्याने मशीन पुसत बसला होता. मी भांडायच्या तयारीने उतरले होते. त्याने खुर्चीवरच्या वायरी उचलल्या, मला बसवलं आणि मी काही विचारायच्या आत नवव्या गाण्याच्या टेपचा डबा पुढे ठेवला.

डब्यावर कागद चिकटवलेला. दादाचं अक्षर, उभट, शिरोरेघ न दिलेलं. "पट्टी सहा, दुसरा आवाज पूर्ण बंद. पाचही गाण्यांत." खाली तारीख. तो गेला त्याच्या सात आठवडे आधीची.

मिस्त्रीने सांगितलं ते तुला माहीतच आहे, तरी मला लिहायचंय. दादा अकरा वेळा, दुपारचा, तिथे आला. टॅक्सीतून, तुझ्या खांद्यावर हात ठेवून. तू बाहेर जिन्यावर बसून राहायचीस. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, बोलणं बंद, म्हणून मांडीवर पाटी. डब्यावरचा तो कागद लिहिला त्या दिवशी मिस्त्रीने त्याला विचारलं होतं, हे सूर लोकांना पाठ आहेत, का काढायचे? दादाने पाटीवर लिहिलं, ते वाचून होईपर्यंत समोर धरलं आणि बाहीने पुसून टाकलं.

काय लिहिलं होतं ते सांगायला मिस्त्री तयार होईना. मी म्हटलं, बावीस वर्षं लोकांना खरं ऐकवतेय, मलाही ऐकू दे.

"ती ऐकणारी आहे," तो म्हणाला. "गाणारी नाही. एवढंच लिहिलं होतं."

मग त्याने हेही सांगितलं की तू त्याला आधीच बजावून ठेवलं होतंस, आवाज कोणी काढायला लावला असं तिने विचारलं तर माझं नाव सांगा. माझं पत्र पोचल्यावर तुझा फोन आला, डबा दाखवा म्हणालीस. "थकल्यासारख्या वाटल्या," म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? गेल्या पत्रात मी दोन पानं 'दुसरा आवाज, दुसरा आवाज' लिहीत बसले. तो आवाज माझा हे तुला ठाऊक, मला ठाऊक आणि तरी मला ते लिहवेना. एकोणीस वर्षांची होते. दिवसभर रेकॉर्डच्या कारखान्यात तपासनीस, खराब रेकॉर्डी ऐकून बाजूला काढायच्या. सुटी झाली की दादा फाटकाशी स्कूटर लावून उभा असायचा, स्टुडिओत न्यायला. छापताना माझं नाव नको असं मीच म्हटलं होतं. कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल अशी भीती होती. पुढे नाव नाही याचा राग चाळीस वर्षं त्याच्यावर धरला.

आणि मग त्याच्या शेवटच्या अल्बमचं परीक्षण. आपण दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. मी लिहिलं होतं, "गायक वरच्या सुरापर्यंत पोचत नाही, पोचल्याचं सोंग करतो. आता थांबावं हे बरं." दहापैकी चार. अंक आला त्या सकाळी त्याचा फोन आला. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, तो म्हणाला, पण सोनाराने गळा कापू नये. चार महिन्यांनी त्याच्या आजाराचं नाव कळलं.

दवाखान्यात मी एकदा आले. तू दाराबाहेर येऊन सांगितलंस, झोपलेत. मी बरं म्हटलं आणि निघाले. वहिनी, आतून पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता. मी तो ऐकला आणि तरी निघाले, कारण तू खोटं बोलतेयस असा आळ घेऊन भांडण्यापेक्षा निघून जाणं सोपं होतं.

मिस्त्रीला मी पाचही गाणी दोन्ही तऱ्हेने लावायला सांगितली, माझ्या आवाजासकट आणि आवाजाशिवाय. पातळी सारखी करून घेतली. वही काढली. एवढी एक गोष्ट मला येते, ती नीट करायची ठरवलं.

दुसऱ्या आणि पाचव्या गाण्यात मी केसभर खाली आहे. त्या वयात ते कळत नव्हतं, आता पहिल्याच ओळीत कळलं. सहाव्यात माझा श्वास त्याच्या शब्दावर पडतो. अकराव्यात मी बरोबर गाते, पण गरज नाही. चारही गाणी माझ्याशिवाय सुधारली आहेत. वहीत तसं लिहिलं.

नववं तीनदा ऐकलं. तिथे तो वर चढतो, श्वास संपतो, आणि तिथून तीच ओळ मी उचलते. मी नसले की ओळ मध्येच संपते. अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा, तसं होतं. हे त्याला कळलं नसेल? मला ऐकायला शिकवणाऱ्याला?

चार गाण्यांत त्याचा कान होता. नवव्यात राग होता.

परीक्षण अजून लिहिलेलं नाही. तुझी माफी मागायला पत्र लिहायला घेतलं होतं, तेवढंच राहून गेलं. मागते.

तुझी,
नणंद


२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र परवा आलं. पुढच्या आवृत्तीत नवव्या गाण्यात माझा आवाज परत घालू, पुस्तिकेत नावही छापू, मिस्त्री एका दुपारीत करून देतो म्हणालाय, असं लिहिलंस. वर लिहिलंस की ह्यांचा राग फार दिवस टिकायचा नाही, आणखी जगले असते तर त्यांनीच परत घातला असता.

नको घालूस.

परीक्षण काल पाठवलं. दहापैकी सात. बास गिटारचं लिहिलं, दाबलेल्या तीन गाण्यांचं लिहिलं. दुसरा आवाज काढलाय हे वाचकाला सांगायला हवं होतं, तेही लिहिलं. कोणाचा, ते नाही. चार गाण्यांत हा निर्णय योग्य आहे आणि नवव्यात चूक आहे, एवढं एक वाक्य. संपादकांनी विचारलं, बस, इतकंच? आपल्या माणसाबद्दल इतकंच? मी म्हटलं, गुण मोजून दिलेत.

आता जे तुला सांगायचं ते सांगते. दोन पत्रं झाली आणि दोन्हींत मी त्याच्या कडेकडेने फिरले.

शेवटच्या अल्बममध्ये मी जे ऐकलं ते वयाचं थकणं नव्हतं. थकलेला गळा मला ओळखता येतो, शेकड्यांनी ऐकलेत. दादाच्या आवाजाखाली कोरडी घरघर होती, दर ओळीच्या शेवटी, एकाच जागी. तिसऱ्या गाण्याला मी हेडफोन काढून ठेवले. मला वाटलं, हे दुखणं आहे, याला फोन करावा. फोनपर्यंत गेलेही. मग परत येऊन बसले, कारण तोवर मला सोंगाचं ते वाक्य सुचलं होतं आणि ते फार चांगलं वाक्य होतं. चाळीस वर्षांत मला त्याच्यावर असं वाक्य सापडलं नव्हतं.

चार महिने, वहिनी. डॉक्टर तुला म्हणाले होते ना, चार महिने आधी आले असते तर. तू मला ते दवाखान्याच्या त्या दाराबाहेर सांगितलंस, आणि मी म्हटलं, कोणाला कळणार होतं?

हे त्याला माहीत होतं की नाही ते मला ठाऊक नाही. माझ्या कानाची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, म्हणजे असावं.

नववं गाणं आहे तसं राहू दे. त्याने मला उद्देशून जे शेवटचं केलं ते तेच आहे, आणि ते त्याने आजारी अंगाने, टॅक्सीने येऊन, तारीख घालून केलं. तू चांगुलपणाने ते दुरुस्त करशील आणि मग त्याचं माझ्यापाशी काहीच उरणार नाही.

हे वाचल्यावर मी तुझ्याकडे आले तर तू दार उघडशील की नाही हे मला माहीत नाही. उघडलं नाहीस तरी तू झोपली आहेस असं मी समजणार नाही, आणि भांडणारही नाही.

तुझी अपराधी,
नणंद