आजऱ्याच्या बाईंना कोण कळवणार?

प्रिय लुसी आत्या,

तू जाऊन चार महिने झाले आणि मी आत्ता लिहितोय, कारण तुझ्या नावाने पत्र आलंय. हो, तुझ्याच! विल्सनने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आत्याला वर फॉरवर्ड करा रे कोणीतरी.' त्यावर सगळ्या खानदानाने हसरी तोंडं टाकली. माझा सख्खा भाऊ तो! पदवीधर! ह्यांच्यापेक्षा मी नववी नापास बरा.

तुझ्या मयताच्या दिवशी हीच माणसं 'RIP' लिहून मोकळी झाली होती. तीन अक्षरं! तीही आधीच्याने लिहिलेली उचलून. मी इथे मस्कतला कामावर, एसीच्या डक्टच्या पत्र्यावर उभा राहून फोनमध्ये तुझी मिस्सा, चर्चमधली शेवटची प्रार्थना बघत होतो. ह्यांनी गावातल्या होळीच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लावला, फादरना सांगितलं, ज्यांना तू ओळखतही नव्हतीस त्यांना कळवलं. आणि हे पत्र लिहिणाऱ्या आजऱ्याच्या सुशीलाबाईंना? त्यांचा नंबर कुणाच्या फोनमध्ये नव्हता. म्हणजे त्या नव्हत्याच!

खरं सांगू? तुझ्या त्या पत्रमैत्रीला मीही हसायचो. कुठल्याशा मासिकाच्या शेवटच्या पानावर नाव, वय, छंद छापून यायचे, त्यातून तू एक बाई शोधलीस. का, तर तिने छंदात 'परसबाग' लिहिलं होतं. तीस वर्षं पत्रं, आणि एकदा भेट नाही! मी म्हणायचो, "आत्या, ती बाई खरी आहे का, की पोस्टमन लिहितो?" तू म्हणायचीस, "गप रे मेल्या. तुला कोण लिहितं ते सांग आधी."

कोण लिहिणार? कोणीच नाही.

पत्र आलं की तू लगेच फोडायची नाहीस. आधी वाफ्याला पाणी, मग हात धुणं, मग चहा. एकदा मनात वाचायचं, एकदा मोठ्याने. शेवटी पाकिटात नाक खुपसायचं, कारण बाईंनी कधीकधी वासाला चिमूटभर घनसाळ तांदूळ घातलेले असायचे. तू त्यांना आपल्या वाडीतलं वालाचं बी कागदाच्या पुडीत पाठवायचीस. मला वाटायचं, काय हा येडेपणा! इथे सहा जणांच्या खोलीत दिवसाला दोनशे 'गुड मॉर्निंग' येतात, कशाला कसलाच वास नसतो.

आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या गेल्या सुट्टीत तुझा हात थरथरायला लागला होता. तू म्हणालीस, "सायमन, बस इथे, मी सांगते तू लिही." बाईंनी लिहिलं होतं की यंदा वालाला कीड लागली, बी जुनं होतं की काय? तू केवढी हसलीस! मग सांगत सुटलीस. बियांना राख चोळा, कडुलिंबाचा पाला घाला, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे, आमची अबोली यंदा कशी फुलली, एकदा तरी या, मी डुकराच्या मटणाचं सोरपोतेल करून घालते... नाही, तू म्हणालीस, तुम्ही मटण खात नाही ना, मग केळ्याची भाजी करते. स्वतःशीच बोलत होतीस.

आणि मी? बाहेर मित्र बाईकचा हॉर्न मारत होता. मी लिहिलं, 'पत्र मिळालं. बी चांगलंच होतं. बाकी ठीक.' तुझ्यासमोर धरलं, तू सही केलीस. चष्मा गळ्यात होता की गं! डोळ्यावर का नाही लावलास? वाचलं असतंस तर माझ्या कानाखाली वाजवली असतीस, आणि मी सगळं परत लिहिलं असतं. एवढा विश्वास ठेवायचा का माझ्यासारख्यावर?

विल्सनने टाकलेला फोटो मी मोठा करून वाचला. बाई लिहितात, 'मी बियाण्याला नाव ठेवलं, ते तुमच्या मनाला लागलं. चूक माझीच. तुमच्या घरचं बी, मी असं लिहायला नको होतं. पण लुसीताई, एवढ्या वर्षांची मैत्री अशी दोन ओळींत संपवू नका.' अक्षर वाकडंतिकडं झालंय. त्यांचाही हात थरथरतोय.

आत्या, ती म्हातारी तिकडे माफी मागतेय! माझ्या आळसाची!

विल्सनला फोन केला. म्हटलं, पत्ता पाठव. तर म्हणतो, "सोड ना यार, थांबेल लिहायची आपोआप." ह्यांना सगळं आपोआप थांबतं असंच वाटतं. मी आईवरून शिवी दिली, मग आठवलं, आई एकच आहे. पत्ता मिळाला.

आज शुक्रवार, सुट्टी. हे पत्र तुला लिहितोय ते हात बसवायला. पुढचं लिहायचंय ते खरं कठीण. तू गेलीस हे सांगायचं, आणि तू रागावली नव्हतीस हेही. ते दोन ओळींचं मी लिहिलं होतं, माझ्या नावानिशी सांगेन. राख, कडुलिंब, गुडघा, अबोली, केळ्याची भाजी, जेवढं आठवतंय तेवढं सगळं लिहीन. चुका होतील, तर होऊ देत. आणि बाईंनी उत्तरात मला शिव्या घातल्या, तर त्या पत्रालाही पानभर उत्तर देईन. हा शब्द देतो तुला.

तुझा नालायक भाचा,
सायमन