कॅमशाफ्ट साधाच बसवावा

मी, आर्डिथ केसलर, कै. लेलंड केसलर यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार सलायना, कॅन्सस, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी सून मार्लिस हिला द्यावी. माझ्या मुलाच्या मागे तिने दुसरे लग्न केले, बरे केले. मात्र तिच्या नव्या नवऱ्याने गॅरेजमधल्या कशालाही हात लावू नये.

२. स्वयंपाकघरातले टेबल विकू नये. त्याच टेबलावर एका हिवाळ्यात लेलंड, मी आणि आमचा मुलगा ट्रॉय यांनी आमच्या गाडीच्या बिग ब्लॉक, म्हणजे भल्यामोठ्या, इंजिनाचा एकेक भाग निवडला. लेलंडला हवा आत घ्यायच्या वाटा मोठ्या असलेली हेड, म्हणजे इंजिनाची वरची झाकणे, हवी होती. मी म्हटले, "गाडी बाजाराला न्यायची आहे, शर्यतीला नाही. मोठ्या वाटा भरधाव वेगातच कामी येतात. सिग्नलवरून उठायला ताकद कुठून आणशील?" तो पुटपुटला, पण लहान वाटांचीच घेतली. पिस्टन असे, की पंपावरचे साधे पेट्रोल चालावे. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, घडीव पोलादाचा. तिथे लेलंड हात आखडत नसे. कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्यावर, मात्र ट्रॉय अडून बसला.

"बाबा, ह्या साध्या कॅमनं इंजिन नुसतं घोरेल! जरा तापट कॅम घ्या ना, शर्यतीचा."

"अरे, इंजिन हवा ओढतं, त्या ओढीतून ब्रेकला जोर मिळतो. कॅम तापट घेतला की मंद चालीत ती ओढच राहत नाही. पेडल दगडासारखं होईल, गाडी थांबायची नाही."

"बरं, म्हातारबुवा," ट्रॉय हसला. गाडी कित्येक उन्हाळे गोड चालली.

३. माझा दीर ड्वेन केसलर याच्याविषयी. लेलंड हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात असताना ड्वेनने ट्रॉयला स्वतःकडचा शर्यतीचा कॅम दिला आणि दोघांनी मिळून बसवला. "बाप आवाज ऐकूनच बरा होईल," ड्वेन म्हणाला. ब्रेकचे काय, तर "ते पुढच्या आठवड्यात बघू." ट्रॉय त्याच गाडीतून वडिलांना घरी आणायला निघाला. धान्याच्या कोठाराजवळच्या चौकात ट्रक आडवा आला. पाय ब्रेकवरच होता, असे शेरीफने सांगितले. लेलंड तेव्हा कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन इस्पितळाच्या दारात वाट बघत बसला होता. मी शेजारी होते. "उशीर करतोय कार्टा," तो म्हणाला.

४. लेलंडने भावाचे तोंड पुन्हा पाहिले नाही. मरताना मला बजावले, "तो दारात आला तर हाकल." मी हाकलत राहिले. तरी ड्वेन दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ काढायचा आणि निघून जायचा. गेल्या जानेवारीत मी दार उघडले. "कॉफी घेतोस?"

फावड्यावर टेकून तो रडायलाच लागला. "वहिनी, ब्रेकचं मला माहीत होतं. पण पोरगं माझ्याकडे असं बघत होतं ना, की काकाच खरा. मला नाही म्हणवेना."

मी त्याला माफ केलेले नाही. प्रयत्न केला, जमले नाही. पण ट्रॉयविषयी बोलायला मला एक माणूस मिळाले. मार्लिससमोर त्याचे नाव काढवत नाही.

५. म्हणून मोडक्या गाडीतून काढून ठेवलेले ते इंजिन ड्वेनला द्यावे. त्याने आतला कॅम काढून साधाच बसवावा, आणि इंजिन अशा गाडीत घालावे जी तो स्वतः रोज चालवेल. वकीलबाई म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. ड्वेन पाळेल.

६. मला ट्रॉयच्या डाव्या बाजूला पुरावे. उजवीकडे लेलंड आहे. लेलंड, मी तुझा शब्द मोडला. भांडायचे असेल तर तिथे भांडू. फक्त आवाज चढवू नकोस, मधे पोरगं झोपलंय.

सर्व मजकूर मला वाचून दाखवला. शब्द माझेच आहेत.

सही: आर्डिथ केसलर

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
ओपल हॅगरमन, शेजारीण
विल्बर श्रॅग, निवृत्त पोस्टमन

सलायना, कॅन्सस
९ मार्च २०१७