पाऊण तासाचा सल्ला

प्रिय दादा,

मशीन चांगलं चालतं. वर्ष झालं घेऊन, पण तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून आपणहून सांगते. तू सांगितलंस तसंच घेतलं, चाकाचे नट सोडवायचं, अर्ध्या इंचाचं, बॅटरीवरचं इम्पॅक्ट रेंच.

त्या दिवशी फोनवर तू पाऊण तास बोललास. मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेत होते. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस, गंजलेला नट सोडवायची ताकद किती ते बघ. हवेवरचं नको, तुझ्याकडे कॉम्प्रेसर कुठाय? दुकानात पाच मिनिटं हातात धर, मनगट भरून आलं तर ठेवून दे. नटावर बसवायचे सॉकेट साधे चकचकीत लावशील तर तडकून डोळ्यात जातील, काळे, जाड, त्यासाठीचेच घे. आणि सोडवायला मशीन असलं तरी आवळायला घाई नको. नट आधी बोटांनी बसव, शेवटचा पीळ टॉर्क रेंचनं, मोजून दे. बाबा गेल्यापासून तू माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हतास. फोन ठेवला तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, काय सांगू!

तुला आठवतं, चाक काढायचं म्हणजे बाबा जॅकपाशी, तू लांब पान्यावर उभा, आणि मी टॉर्च धरून. मी पान्यावर नाचले तरी नट ढिम्म हलायचा नाही. "आधी दोन घास जास्त खा, मग ये," बाबा हसायचे. म्हणून तर मला ते मशीन हवं होतं. तुमच्या शेडमध्ये उभी असलेली बाबांची गाडी मला माझ्या हातांनी चालती करायची होती, आणि हे मी तुला फोनवर सांगितलंही होतं.

आधी शेजारच्या मास्तरांच्या गाडीवर हात बसवला. पहिल्यांदा ट्रिगर दाबला तर असा तडतडाट झाला की मास्तर चहाचा कप टाकून घरात पळाले. पण नट सुटला! पुढची दोन्ही चाकं उतरवून ब्रेक पॅडसुद्धा बदलले. मग चार दिवसांची रजा टाकली आणि ती जड पेटी मांडीवर घेऊन बसनं तुमच्याकडे आले. न कळवता येऊन तुला चकित करायचं होतं.

शेडमध्ये कपडे वाळत होते. आई तेव्हा मावशीकडे होती. वहिनी म्हणाल्या, "अगं, गाडी तर दोन महिन्यांपूर्वीच, पाडव्याला गेली," आणि माझं तोंड बघून पाणी आणायला आत गेल्या. मी उभ्या उभ्या हिशेब लावला. तुझा तो फोन गाडी गेल्यावर अकरा दिवसांनी झाला होता. संध्याकाळी तू आलास, पेटीकडे बघितलंस आणि म्हणालास, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मी जेवले, झोपले, सकाळी पेटी उचलून निघाले. गाडी विकली त्याचं मी समजून घेतलं असतं. गंजत होती, तुझ्या दारात होती. पण जी गाडी नाही तिच्या नटांबद्दल तू पाऊण तास बोललास, दादा. मध्येच एकदा "त्या मागच्या डाव्या चाकाचे जरा जपून" असंही म्हणालास.

गेलं वर्षभर आई माझ्याशी तुटक बोलते. "हं, बरी आहे," की फोन ठेवला. मला वाटलं वय झालं, कान गेले. गुडघ्याचा पट्टा पाठवला, तोही तिनं वहिनींना देऊन टाकला.

काल तिनंच फोन केला. बोलता बोलता रडायला लागली. म्हणाली, "तुझा तरी त्या गाडीत जीव होता असं मला वाटायचं. दादानं विचारल्यावर तू ती विकायला हो म्हणालीसच कशी गं?" तू मला कधी विचारलंच नव्हतंस, हे सांगितलं असतं तर तिनं कुणाचं खरं मानायचं? आपण दोघंही तिचेच. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळच्या बसनं मी येतेय. त्याआधी तिच्याजवळ बस आणि तुझ्या तोंडानं तिला खरं काय ते सांग. मी तुला काही विचारणार नाही. दार आईच उघडेल, तिच्या चेहऱ्यावरून मला कळेल.

अजून तरी तुझीच,
धाकटी