डबल बेल

तळ्याकाठचा शेवटचा थांबा,
१२ तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय टकटक्या,

सप्रेम नमस्कार. चार वर्षांत चिठ्ठीचपाटी काही नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून दचकू नकोस. ‘पत्रास कारण की’ शेवटी लिहितो, आधी खुशाली. माझी तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. वहिनींना नमस्कार सांग. डेपोतली तुझी ती हरवलेल्या वस्तूंची खोली कशी आहे? अजून छत्र्यांच्या ढिगातच बसतोस का?

एक गंमत सांगतो. आपली गाडी जिवंत आहे! हो, आपलीच, अठ्ठेचाळीस नंबरची. शहराने म्हातारी झाली म्हणून तिला काढलं, तेव्हा मला वाटलं, गेली भंगारात. पण इथल्या एका मालकाने तसल्या सहा गाड्या घेतल्या, निळा रंग फासला आणि डोंगरातल्या गावांना लावून दिल्या. मी निवृत्त होऊन घरात माशा मारत होतो. कळलं तसा धावत आलो. म्हटलं, हिला मीच लागतो, परक्याच्या हातात हिचा दुसरा गिअर पडायचा नाही. मालक हसला. म्हणाला, “म्हातारीबरोबर म्हातारा फुकटच आला म्हणायचा!”

इथला रस्ता तू बघायला हवास. तळ्याच्या कडेने जाताना पाण्यात एक निळी गाडी आपल्या सोबतीने उलटी चालत असते. उभं राहणारं कोणी नाही, तरी वरची सगळी हँडलं एका लयीत झुलतात. मला वाटतं, म्हातारीला अजून शहराचीच स्वप्नं पडतात. सकाळच्या धुक्यात मलाही कधीकधी लाल सिग्नल दिसतो आणि मी खरंच थांबतो. धुकं सरतं, तर समोर गाय.

कंडक्टर इथे नाही. तिकीट मीच देतो, दार मीच लावतो. आणि तिथेच घोळ झाला. पहिल्या दिवशी लोक चढले, बसले, आणि मी आपला स्टिअरिंग धरून गप्प. मागून कोणीतरी ओरडलं, “काका, डोळा लागला का?” मी कशाची वाट बघतोय, ते माझं मलाच उशिरा कळलं. एकोणीस वर्षं तुझी डबल बेल ऐकून गाडी काढली रे. बेल आल्याशिवाय पाय ब्रेकवरून हलतच नाही.

रोज हेच. पुढच्या सीटवर एक अंडीवाली बसते, टोपली मांडीवर घेऊन. तोंडाची फटकळ. एकदा म्हणाली, “कुणासाठी थांबता हो एवढं?”

“कंडक्टरसाठी. त्याने दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं.”

तिने वळून मागची रिकामी जागा पाहिली. दुसऱ्या दिवशी धुक्यात डोक्यावर ठण्ण ठण्ण झालं. पाय आपोआप उचलला, गाडी निघाली, आणि क्षणभर मला खरंच वाटलं, तू मागे आहेस, तुझा तो तिकिटाला भोक पाडायचा चिमटा टकटकवतोयस, आता ओरडशील, “जाऊ द्या उस्ताद!” आरशात पाहिलं तर अंडीवाली दोरी धरून उभी. दोरी तुटली होती तेव्हा तू स्वतःच्या बुटाची नाडी जोडली होतीस आणि दिवसभर सैल बूट फरफटवत फिरलास, आठवतं? ती गाठ तशीच आहे. तिचा हात नेमका त्या गाठीवर होता.

मला रडू आलं. एवढा बाप्या माणूस, भर गाडीत.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, ती उतरली नाही. “आणि बेल नसताना गाडी हलली तर?”

“तर माणूस पडतो.”

“पडलं होतं का कोणी?”

मग सांगितलं मी तिला. घड्याळवाल्याच्या दुकानासमोरचा थांबा. शिंपीणबाईंचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. खुब्याचं हाड मोडलं, अजून काठी घेऊन चालतात. चौकशीत साहेबांनी विचारलं, “डबल बेल मिळाली होती?” मी म्हणालो, “मिळाली होती.” तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. एक शब्द बोलला नाहीस. त्यांना वाटलं, गप्प आहे म्हणजे कबूल आहे. तुझी गाडी गेली, छत्र्या आल्या.

टकटक्या, बेल वाजलीच नव्हती. मागच्या गाडीने हॉर्नवर हॉर्न लावला म्हणून मी घाई केली. माझ्या नावावर आधीचे दोन शेरे होते, तिसऱ्याला लायसन्स गेलं असतं. भ्यालो मी. तुझ्या गप्प बसण्याचा फायदा घेतला. याला दुसरं नाव नाही.

अंडीवालीने ऐकून घेतलं, टोपली उचलली आणि म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? मी काय तुमची कंडक्टर आहे?”

तर पत्रास कारण हे. घडलं ते सगळं लिहून, सही करून आज सकाळी डेपोच्या साहेबांना रजिस्टरने पाठवलं. नक्कल सोबत आहे. शिंपीणबाईंनाही वेगळं लिहिलं. तुझ्यावरचा शेरा आता त्यांना पुसावाच लागेल. माझं लायसन्स बहुतेक जाईल. मालकाच्या कानावर घातलंय. तो म्हणाला, कागद येईपर्यंत चालव.

माफी मागायला मला तोंड नाही. पण म्हातारी रोज सकाळी साडेसातला इथून सुटते. एक दिवस ये. बोलू नकोस हवं तर. मागे तुझ्या जागेवर उभा राहा आणि दोरी ओढ. एकदाच ओढलीस, तर मी तिथल्या तिथे चावी ठेवून उतरेन, कागदाची वाट बघणार नाही. दोनदा ओढलीस तर निघू, तळ्याला एक चक्कर मारून येऊ.

अंडीवालीला बजावलंय, साडेसातच्या गाडीला दोरीला हात लावायचा नाही. आणि लोकांना सांगितलंय, ही गाडी पाच मिनिटं उशिरा सुटेल.

ब्रेकवर पाय ठेवून बसलेला,
तुझा (अजून म्हणू का?)
उस्ताद