अंगणातल्या पिकअपच्या पाट्या

ओहिनागा,
मंगळवार, २३ मे २००६

प्रिय एफ्राइन,

आशीर्वाद. तू धडधाकट असशील आणि कामावर टोपी घालत असशील असं धरून चालते. इकडे आपांचा गुडघा कुरकुरतो, पण थांबत नाही. नदीकाठच्या तुकड्यात खरबुजं यंदा लवकर धरली आहेत. शाळेच्या परीक्षा तीन आठवड्यांवर आल्या आहेत. पारा गुरुवारी पंचेचाळिसाला टेकला होता.

आता आधी एक काम कर. तुझ्या कामावरच्या नेमेसियोला गाठ आणि सांग की शनिवारी तो पिकअप घेऊ नकोस. सासऱ्यांना घ्यायचा म्हणून आपल्या पिकअपसारखाच, त्याच वर्षाचा त्याने शोधून ठेवलाय, असं तू रविवारी फोनवर म्हणालास. तो सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे, आपल्या मेक्सिकोत, कधीच नोंदला जाणार नाही. तू आपांसाठी पाठवलास तोही झालेला नाही. त्याला सांगून ये, मग पुढचं वाच.

फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. फोन आपल्या बैठकीत आहे आणि रविवारी आपा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेले असतात. पण हे अर्धंच कारण झालं. काल मी शाळेच्या कचेरीतून तुला दोनदा फोन लावला. दुसऱ्यांदा तू उचललास, मागे कुणीतरी हसत होतं, तू म्हणालास, "काय गं, सगळं ठीक?" आणि मी ठीक म्हणून ठेवून दिला. कागदावर मला तसं पळता येत नाही. हे पत्र गुरुवारी तुमच्याकडे टेक्ससमध्ये ओडेसाला येणाऱ्या व्हॅनने निघेल, रात्रीपर्यंत तुझ्या हातात पडेल. शुक्रवारचा दिवस तुमच्याकडे राहील.

ईस्टरच्या पवित्र आठवड्यात नेमेसियोने पिकअप पुलावरून आणून अंगणात लावला, एक बशीभर आसादेरो चीज खाल्लं आणि संध्याकाळी परत गेला. त्याच्याजवळ तिकडचे कागद आहेत, तुझ्यासारखं नाही, त्याला जाता येतं, येता येतं. त्याच्यानंतर सोमवारी मी गाडी घेऊन बाएसाकडे गेले, कस्टमच्या कागदांसाठी. तू त्याला ओळखतोस, बापाची एजन्सी चालवतो तो. रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. माझी पाळी आली तेव्हा त्याने कागद उघडलेसुद्धा नाहीत. बाहेर आला, पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला चासी नंबर वाचला आणि पेन्सिल पहिल्याच अक्षरावर टेकवली. जे. जपान.

नंबर एक ते पाच यांपैकी आकड्याने सुरू झाला, तर गाडी अमेरिका, कॅनडा किंवा आपल्याकडे बनलेली, आणि तीच घ्यायची परवानगी आहे. अक्षराने सुरू झाला तर नाही. वर्ष बरोबर असून उपयोग नाही. बाएसा म्हणाला, "बाई, आठवड्यातून दोन तरी येतात असे. वाईट वाटून घेऊ नका." मी वाईट वाटून घेतलं नाही. घरी येऊन पिकअपवर ताडपत्री घातली.

गुमारो टायरवाला कुंपणापलीकडून बघत होता. त्याला सांगावंच लागलं. तो म्हणाला, अर्धं गाव अमेरिकेच्या नंबराच्या पाट्यांवर फिरतंय, कुणी अडवत नाही, परवानगी लागते ती एकट्या बाईंना, आणि तीसुद्धा सरकारची आणि देवाची, दोघांची. मी त्याला म्हटलं, मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. तो म्हणाला, म्हणूनच मुलं झोपतात.

तर त्यानंतर पिकअप रस्त्यावर गेलेला नाही, एफ्राइन. आपा रोज सकाळी ताडपत्री काढतात आणि फाटकापासून मेस्कीटच्या झाडापर्यंत पुढे-मागे चालवतात. मग इंजिन बंद करून आत बसून रेडिओ ऐकतात. काच पुसतात. नदीवर अजून गुमारोच्याच गाडीतून, मागे बसून जातात.

मग तो फोटो, असं तू म्हणशील.

मी बाएसाकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारी तू विचारलंस, "पाट्या मिळाल्या?" आपा शेजारी होते. आई गेली आणि तुला येता आलं नाही, तेव्हापासून आठ वर्षं, बाप असून, ते तुझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते, हे तुला ठाऊक आहे. पिकअप आला त्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तुझ्याशी पंचवीस मिनिटं क्लचबद्दल बोलले. मी दाराशी उभी राहून मोजली. मी "नाही" म्हणाले असते तर गाडी जाणार होती, आणि गाडीबरोबर ती पंचवीस मिनिटंही जातील असं मला वाटलं. मी "मिळाल्या" म्हणाले. तू म्हणालास, "फोटो पाठव, इथल्यांना दाखवतो."

मी गुमारोच्या गाडीच्या पाट्या अर्ध्या तासासाठी मागून घेतल्या. आपा आंघोळीला गेले होते. चार स्क्रू लावले, ते बाहेर आल्यावर त्यांना स्टिअरिंगवर बसवलं, फोटो काढला, ते आत दाढीला गेले तेव्हा पाट्या परत काढल्या. गुमारो सगळा वेळ कुंपणाला टेकून बिया खात होता. म्हणाला, "बाई, फिरवायला लाज वाटते, फोटो काढायला नाही?"   मी रोज रोजनिशी लिहिते, त्या दिवशी फक्त खरबुजांना पाणी दिल्याचं लिहिलंय.

तो फोटो तुम्ही कामाच्या ट्रेलरमध्ये भिंतीला लावलाय, हे मला परवा कळलं, आणि नेमेसियोने तो बघूनच गाडी ठरवली, हेही. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होते की माझं खोटं आपल्या अंगणाबाहेर जात नाही. तो माणूस सहा दिवस पाइप उचलतो. तुझ्या बहिणीने काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवून तो दुसऱ्या म्हाताऱ्याच्या अंगणात दुसरी ताडपत्री घालणार होता.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी आपांना सांगितलं. आधी त्यांना, मग तुला, असं ठरवलं होतं. मी वर्गात उभी राहते तशी टेबलाशी उभी राहिले आणि नंबर, बाएसा, पाट्या, फोटो सगळं सांगून टाकलं. ते पोळीने बशी पुसत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं, आपा?"

"तू पाट्या काढत होतीस तेव्हा मी न्हाणीच्या खिडकीत दाढी करत होतो. चौथा स्क्रू तुला निघत नव्हता. येऊन काढून द्यावा असं फार वाटलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्यांनी बशी बाजूला सारली.

"चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तू काहीतरी वाकडं करत होतीस. म्हटलं, करू दे पोरीला."

मी रागावले, मग मला हसू आलं, मग दोन्ही थांबलं. गाडी परत द्यावी लागेल, हे मी अगदी हळू सांगितलं. ते उठले, ताडपत्रीच्या दोऱ्या आवळून आले आणि दारातून म्हणाले, "त्याला लिही, मला फोन करायला पिकअप लागत नाही."

हे शब्द जसेच्या तसे त्यांचे आहेत. मी सुधारलेले नाहीत.

आता जे आपांनाही सांगितलेलं नाही, ते. मार्चमध्ये तू गाड्यांच्या आवारातून फोन केला होतास. विकणारा उद्यापर्यंत थांबतो म्हणालास. "तू शिकलेली आहेस, बाएसाकडे जा आणि विचार, चालेल का." दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, "विचारलं, चालेल." मी गेलेच नव्हते. तिथे रांग लांब असते, वह्या तपासायच्या होत्या, आणि जुन्या गाड्या आणण्याच्या नव्या आदेशाचं वर्तमानपत्रातलं कात्रण माझ्या टेबलावर होतं. गाडीचं वर्ष मी ताडून पाहिलं, बरोबर निघालं. दुसऱ्या स्तंभात चासी नंबरबद्दल लिहिलेलं होतं, तिथपर्यंत मी वाचलं नाही. मला वाटलं, आदेश वाचण्यात मी बाएसापेक्षा कमी नाही. खरं तर त्या रांगेत उभं राहून तुझ्यासारख्या तिकडे गेलेल्यांच्या भावा-बहिणींमधली एक दिसणं मला नको होतं. हे शेवटचं वाक्य लिहायला मी आज चार वाजल्यापासून बसले आहे.

ही चूक कात्रणाची नाही, बाएसाची नाही, तुझी तर मुळीच नाही. तू बरोबर माणसाला विचारायला सांगितलं होतंस.

आता पुढचं, आणि यात मला शंका नाही. गाडी तिथे चांगली विकली जाईल, तुझ्या नावावरचे तिचे कागद माझ्याजवळ शाबूत आहेत. रविवारी सकाळी दहाला मी ती स्वतः चालवत पुलापलीकडे प्रेसिडिओला नेईन. तेवढ्यापुरतं माझं सीमेचं कार्ड चालतं. नेमेसियोला चर्चसमोर उभं राहायला सांग, किल्ली त्याच्या हातात देईन. तू येऊ नकोस. वाटेत तपासणीचं नाकं आहे, आणि मला भाऊ हवा आहे, पिकअप नको.

आणि शनिवारी तुम्ही दोघं त्या आवारात जाच. नेमेसियोसाठी एक आणि आपांसाठी एक, जी मनात भरेल ती बघा. पैसे काढण्याआधी काचेच्या कोपऱ्यातला नंबर वहीत उतरवून घ्या, सतराच्या सतरा अक्षरं-आकडे. मग बाएसाच्या कचेरीत फोन लावा, त्याचा नंबर पाकिटावर लिहिला आहे. मी आठ वाजल्यापासून तिथे रांगेत असेन. तुझा आवाज आला की मी एक शब्दही बोलणार नाही, फोन त्याच्या हातात देईन. तू वाचून दाखव, तो सांगेल. हो किंवा नाही, ते त्याच्या तोंडून ऐक.

भिंतीवरचा फोटो काढलास तर मला वाईट वाटणार नाही. ठेवलास तर त्या पाट्या गुमारोच्या आहेत, एवढं बघणाऱ्याला सांग.

शनिवारी रांगेत उभी असलेली,
तुझी थोरली बहीण,
ओतिलिया