फाडले नाही, उसवले

प्रिय ठमे,

तुझ्या मावशीच्या पोटात काही राहत नाही हे मला ज्ञात होते. तरी तिने चार महिने मौन पाळले, हा तिच्या आयुष्यातला उच्चांकच म्हणावा. तर हो, वार्ता सत्य आहे. तुझा जन्मदाता, शिंपी व्यवसायातील एक निरुपद्रवी गृहस्थ, चार महिने न्यायालयात प्रतिवादी होता. दावा हरलो असतो तर दुकान विकावे लागले असते, हेही सत्य. आणि पोटची मुलगी वकील असताना तिला अवाक्षर कळवले नाही, हे तर त्रिवार सत्य. काल फोनवर तू ज्या आवाजात ‘बाबा, का?’ असे विचारलेस, तो आवाज उलटतपासणीत वापरत असशील तर समोरचा माणूस न केलेले गुन्हेही कबूल करत असेल. मी फोन ठेवला तो निव्वळ भ्याडपणाने. सबब हे लेखी निवेदन.

घटना भर दुपारची. मी एका पाटलोणीची कंबर सैल करत होतो. गिऱ्हाइकाचे वजन वाढले होते आणि दोष माझ्या शिवणीला देण्यात आला होता. समोरच्या सभागृहात हौशी मंडळींची रंगीत तालीम चालली होती. अकस्मात तिथून एक महाराणी धावत सुटली, रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर कोसळली. मखमली झगा, हनुवटीपर्यंत ताठ कॉलर, पाठीवर नाड्यांचे जाळे आणि चेहरा जांभळा. नाडीची गाठ आवळली गेली होती, श्वास कोंडला होता, आणि शिंप्याची पाटी दिसताच बाईंनी शहाणपणाने इकडे धाव घेतली होती. मी कात्री घेऊन धावलो. आणि ठमे, माझ्या स्वभावाला औषध नाही. मी आधी विचारले, “आपली अनुज्ञा असेल तर हे वस्त्र उसवू का?” बाईंनी उत्तरादाखल माझ्या कानाखाली वाजवली. ती मी संमती समजलो.

मानेपासून कमरेपर्यंत पाठीची शिवण एका दमात उसवली. बाईंनी जो श्वास घेतला, त्याहून मधुर ध्वनी मी त्या वर्षात ऐकला नव्हता. पाठोपाठ दुसरा ध्वनी आला. “अनुज्ञा कसली विचारता! मेले असते ना मी!” बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. सूर असा की जणू मी वर्गात नकाशा उलटा टांगला होता.

पण झगा बाईंचा नव्हता, भाड्याचा होता. पोशाख भाड्याने देणाऱ्या सद्गृहस्थांनी मला नोटीस धाडली, की प्रतिवादीने अतिदुर्मिळ वस्त्र ‘फाडले’. भरपाईचा आकडा वाचून मी घाबरलो; क्रियापद वाचून मात्र संतापलो. फाडणे हे क्रोधाचे काम, उसवणे हे शास्त्र. फाडलेल्याला रफू लागते, उसवलेले पूर्ववत शिवता येते. हा भेद ज्याला कळत नाही त्याने मखमल भाड्याने देऊ नये, असे माझे नम्र मत आहे.

पहिल्या तारखेनंतर ते गृहस्थ स्वतःच नरमले. “मास्तर, शिवून द्या आणि मिटवून टाका की!” म्हणाले. अर्ध्या तासाचे काम होते. मी छाती काढून उद्गारलो, “हा तत्त्वाचा प्रश्न आहे!” ते चिडले, आणि दावा रीतसर लांबत गेला. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वादीचे वकील आजारी, एकदा तर साक्षात झगाच आणायचा राहिला. साक्षीदार या नात्याने बाई प्रत्येक तारखेला माझ्याशेजारी व्हरांड्यातल्या बाकावर बसत. थर्मासमधला चहा अर्धा मला देत. एका तारखेला मला जगातल्या झाडून साऱ्या सामुद्रधुन्या कळल्या. त्या पाठ नसल्याबद्दल पुढच्या तारखेला बोलणी खाल्ली.

अखेरच्या दिवशी वादीचे वकील गरजले, “शिवण शोधायला वेळ होता, म्हणजे घाई नव्हती. घाई नव्हती, तर गाठ का सोडली नाही?” मुद्दा बिनतोड होता. माझी बाजू मीच मांडत होतो. दुकानाची किल्ली खिशात एकाएकी जड लागू लागली. मी म्हणालो, “न्यायमूर्ती महोदय, शिवण मी शोधली नाही. तीस वर्षांनी हात आपसूक तिथेच जातो. कापड कापायचे असते तर मात्र विचार करावा लागला असता.” त्यावर बाई साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हणाल्या, “आणि गाठ सोडायला बसले असते, तर आधी गाठीची परवानगी मागितली असती यांनी!” न्यायमूर्ती हसले. मग चष्मा लावून त्यांनी झग्याच्या पाठीवरून बोट फिरवले. मखमलीचा एकही धागा तुटलेला नव्हता. निर्णय दिला, की अनोळखी माणसाचा जीव वाचवताना सद्हेतूने, आणि आवश्यक तेवढीच हानी करणाऱ्यावर दायित्व येत नाही. शिवाय नोंदीत ‘फाडले’ खोडून ‘उसवले’ लिहावे. ठमे, पदवी मिळाल्यासारखे वाटले मला! झगा त्याच संध्याकाळी शिवून पोचता केला, विनामूल्य.

आता तुझ्या ‘का?’चे उत्तर. तत्त्वबित्त्व काही नव्हते. तू आली असतीस तर पहिल्याच तारखेला दावा निकाली निघाला असता, आणि मला त्या बाकावर पुन्हा बसता आले नसते. त्यापायी दुकान पणाला लावले, हा शुद्ध गाढवपणा. त्याबद्दल हवे तेवढे बोल. तुझी आई गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत घरात उत्तर देणारे कोणी नव्हते, म्हणून मी शब्द मोठमोठे करत गेलो. या बाई मात्र प्रत्येक शब्दाला उत्तर देतात. निकालानंतर पायऱ्या उतरताना म्हणाल्या, “जिंकलात. आता तारीख नाही. मग भेटायचं कसं?” मला एकही समास सुचला नाही. “लग्न करू,” एवढेच म्हणालो. त्या म्हणाल्या, “करू. पण आधी मुलीला विचारा.” म्हणून हे पत्र. नोंदणी कार्यालयाने पुढच्या महिन्याची बारा तारीख दिली आहे आणि तिथे साक्षीदार लागतात. त्यातली एक तू हवीस. काळा कोट घरी ठेवून ये. मन तयार नसेल तर तसे मोकळेपणी लिही, आम्ही तारीख पुढे घेऊ. त्याचा दोघांनाही उत्तम सराव आहे.

तुझे उत्तर येईपर्यंत एकही टाका सरळ न पडणारा,
तुझाच,
बाबा