आठ फुटांची वाकळ

शाहूपुरी, कोल्हापूर
११ जानेवारी २०२६

चि. सौ. सई हिस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. तुला सातवा लागला ना, पाय सुजतात का? मीठ बेतानं खा. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर आपण दोघी बोलतो कुठं, नुसतं नाक ओढत बसतो. म्हणून पत्र.

तुझी लहानपणची चौकोनी वाकळ आठवते? चार फूट लांब, चार फूट रुंद. तू लाथा मारून पांघरूण काढायचीस, म्हणून मी कडा गादीखाली खोचायचे. तशीच, पण तू आणि बाळ दोघं मावाल एवढी शिवून इचलकरंजीच्या एसटीनं पाठवावी, असं मी ठरवलं. तुला ये म्हणायचं नाही, हेही ठरवलं होतं. तू अभिरामशी लग्न केलंस तेव्हा तुझे आण्णा उंबऱ्यात उभं राहून जे बोलले, ते चार वर्षांत ना तू विसरलीस ना मी.

वाकळ शिवायला बनाबाईंना बोलावलं. दुप्पट वाकळेला पुरतील एवढ्या जुन्या साड्या दिल्या. माप मात्र आण्णांनी सांगितलं, तेही पेपरातून डोकं वर न काढता. “बाजू दुप्पट धरा. आठ फूट.”

गेल्या महिन्यात बनाबाई सोप्यातून ओरडल्या, “वैनी, कापाड संपलं की! वाकळ निम्मीच भरलीया.”

मला हसू आलं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाची ही चूक! सहावीत तू बाजू दुप्पट केल्यावर क्षेत्रफळही दुप्पट लिहिलंस, तेव्हा ह्यांनीच फरशीवर रुमाल मांडले होते. दुप्पट बाजूचा चौरस भरायला किती लागतात ते मोज म्हणाले, आणि तू रडत रडत चार मोजलेस. आता वय झालं, म्हटलं.

“मास्तर,” मी ह्यांना म्हटलं, “दोघांची सांगितली होती, तुम्ही चौघांची करून ठेवलीत.”

“चुकलं न्हाय,” ते म्हणाले. “जावई काय उघडा झोपणार व्हय?”

सई, हा शब्द या घरात पहिल्यांदा निघाला. तरी मी सोडते काय! “हे तीन झाले. चौथं कोण?”

ते बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले. मग म्हणाले, “बाळाच्या आज्ज्याला एक कोपरा नको व्हय?” आणि उठून स्वतःची धोतरं बनाबाईंपुढं आणून टाकली.

वाकळ तयार आहे. एसटीनं काही ती पाठवता यायची नाही, कुठल्याच पिशवीत मावत नाही. रोज उन्हात टाकायला आम्ही दोघं एकेक कोपरा धरून ती गच्चीवर नेतो, आणि उरलेले दोन कोपरे मागं जिन्यावर लोळत येतात. ते बघवत नाही गं. तुझी फार आठवण येते.

ते दोन कोपरे धरायला तुम्ही दोघं या. पहिलं बाळंतपण माहेरीच होऊ दे. आण्णांना स्वतः लिहायला जमत नाही, पण पत्र टाकलंस का, असं सकाळपासून तीनदा विचारून झालंय.

एवढा हिशेब करून त्यांनी माझी जागा धरलीच नाही. तेवढी तू सरकून दे.

तुझ्या कडेला मावणारी,
आई